ज्ञानाचं 'द्न्यान' कोणी केलं?

१

"खून झाला असता तर बरं होतं," बाई म्हणाल्या. "निदान तो मी केलेला नाही, एवढं तरी छातीठोकपणे सांगता आलं असतं."

मी अजून धापा टाकत होते. तीन जिने, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, आणि कंबर तर सकाळपासूनच संपावर गेलेली. लोकांचे ब्लॉग बांधून द्यायचे आणि त्यांनी मोडून ठेवले की दुरुस्त करायचे, हा माझा धंदा. अठरा वर्षं झाली. बसून काम आहे, मजा आहे, असं लोक म्हणतात. त्यांची एकदा माझ्या कंबरेशी गाठ घालून द्यायला हवी.

बाई शाळेत छत्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सुदैवांपैकी एक. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना 'तांबडी पेन्सिल' नावाचा ब्लॉग उभा करून दिला. रंग, अक्षरांचा आकार, बाजूची यादी, सगळं त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून सात वेळा बदलून घेतलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी एक लेख. त्यात शुद्धलेखनाची चूक दाखवणाऱ्याला पेन बक्षीस. सहा वर्षांत एकच पेन गेलं, तेही वाद घालून.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

पडद्यावर चार वर्षांपूर्वीचा लेख होता. पहिलंच वाक्य होतं, 'द्न्यान ही देऊन वाढणारी वस्तू आहे.'

मी ते दोनदा वाचलं. बाईंनी पुढचा लेख उघडला. तिथे सिंहाचा 'सिंव्ह' झाला होता. त्यापुढच्यात ऋतूचं 'रुतू'. एका लेखात तर 'चूक' हा शब्दच चुकवून 'त्सूक' करून ठेवला होता.

"कोणाचा तरी चावटपणा दिसतोय," मी म्हणाले.

"कोणाचा?" बाईंनी चष्मा काढला. "माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. तिचं असंच सुरू झालं होतं. आधी पत्रातली अक्षरं बिघडली, मग माणसं. बारा वर्षं मी तिचं केलं. म्हणून तुला बोलावलं. शोधून काढ. दुसऱ्या कोणी केलं असेल तर त्याचे कान उपटेन. पण मीच केलं असेल आणि मला आठवत नसेल, तर शनिवारी सगळा ब्लॉग पुसून टाकायचा. माझी अक्षरं एकेक करून नासताना जगाने बघायला नकोत."

तो मंगळवार होता.

२

ब्लॉग काही विसरत नाही. लेखातलं एक टिंब हलवलं तरी जुनी प्रत तारीख-वेळेसकट बाजूला ठेवतो, आणि कोणत्या खात्यातून हलवलं तेही नोंदवतो. कोणत्या यंत्रावरून, ते मात्र नोंदवत नाही. मी सगळ्या जुन्या प्रती काढल्या. गेल्या दीड महिन्यात एकतीस बदल. एका दिवशी एकच लेख, एकच शब्द, आणि वेळ नेहमी दुपारी चार ते साडेचारच्या मधली.

खातं कोणाचं, तर 'बाई'. एकतीसच्या एकतीस वेळा.

यात माझाच आळस होता. सहा वर्षांपूर्वी मी एकच खातं काढलं आणि एकच पासवर्ड सगळ्यांना दिला. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तोच, बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, फोनवर तोच. बाईंचा मुलगा फोटो चढवायचा, त्याच्याकडे तोच. बाईंचे शाळेच्या काळातले हस्तलिखित लेख टाइप करून देणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिच्याकडेही तोच. मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि माझ्यापुरतं एक वेगळं खातं काढलं. जुनं मुद्दाम तसंच राहू दिलं.

"चार ते साडेचार तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"बागेत फिरायला जाते." मग बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे, जाते असं मला वाटतं."

एवढ्यात काका चहा घेऊन आले. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, दोन वर्षांपूर्वी हात थरथरतात म्हणून दुकान बंद केलं. एका कानात इयरफोन, बातम्या ऐकण्यासाठी. त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कप ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"ब्लॉग आजारी पडला काय?" त्यांनी माझ्या कानाकडे बघत विचारलं.

"थोडा ताप आहे, काका. तुम्ही वाचता की नाही?"

"हे माझे पहिले वाचक," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी वाचतात आणि छान आहे म्हणतात. त्यापलीकडे टीका नाही."

"छान असतं म्हणून म्हणतो," काका म्हणाले आणि आत गेले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चुकांचं काकांना काही सांगायचं नव्हतं, उगाच काळजी करतील म्हणून.

निघताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझ्या फोनपेक्षा सात मिनिटं मागे होतं. घड्याळजींच्या घरातलं घड्याळ मागे, याचं मला जरा हसू आलं, पण कंबर ठणकत होती आणि जिने समोर होते. तेव्हा तो विचार तिथेच राहिला.

३

बुधवारी त्या जुन्या विद्यार्थिनीकडे, टायपिंगवालीकडे, गेले. चौकात तिचं एवढंसं दुकान, आत दोन कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि तिच्या पाठीमागे कायम तुंबलेलं काम. दुकानावर पाटी होती, 'अचूक व शुध्द टायपिंग'. ध आणि द यांची जागा उलटी पडलेली. बाईंनी दोन वर्षांपूर्वी त्या पाटीचा फोटो ब्लॉगवर टाकून लेख लिहिला होता. दुकानाचं नाव झाकलं होतं, पण गल्लीला कळायचं ते कळलं. म्हणजे डूख धरायला हिला कारण होतं.

"राग आला होता," ती टाइप करता करता म्हणाली. "एक महिना बोलले नाही. मग वाटलं, शाळेत तर छडीच खात होते, त्यापेक्षा फोटो बरा. पाटी बदलायला मात्र मुहूर्त लागत नाही."

"माझ्यासाठी एक वाक्य टाइप करून दाखव. 'बुद्धीला दुःख होतं.'"

तिने डोळे न हलवता टाइप केलं. द्ध उलटा पडला. 'दुःख'मध्ये विसर्गाच्या जागी आपलं विरामचिन्हाचं टिंबटिंब. मी एकतीस शब्दांची यादी बघितली. असली चूक एकही नव्हती.

गुरुवारी मुलाच्या ऑफिसात. विमा कंपनीत काम करतो. कॅन्टीनमध्ये भेटला, पाच मिनिटं आहेत म्हणाला आणि पंधरा मिनिटं बसला. आधी त्याने साफ कानावर हात ठेवले. मग म्हणाला, "खरं सांगू का ताई, आईने तो ब्लॉग बंद केला तर मला हवंच आहे. तिसऱ्या मजल्यावर दोघंच राहतात. माझ्याकडे खोली तयार आहे. पण आई म्हणते, माझं डोकं चालतंय तोवर हलणार नाही."

"म्हणजे डोकं चालत नाही असं दिसलं, तर हलतील."

त्याने माझ्याकडे बघितलं. दुखावला. "तुम्हाला वाटतं, मी आईला वेडी ठरवेन?"

मला काही वाटून घ्यायचं नव्हतं. मी त्याला आईला पाठवलेले मेसेज दाखवायला सांगितले. 'पाणी भरून ठेव'ला 'पानी', 'कोण आलं होतं'ला 'कोन'. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि फोनने ते बदलायचं, असला कारभार. न आणि ण यांचं त्याच्याकडे कधी जमलंच नव्हतं. 'सिंव्ह' हा शब्द त्याच्या फोनवर उमटवायचा तर त्याला अर्धा दिवस रजा काढावी लागली असती.

मग उरलं कोण? काका तर वाचून छान म्हणण्यापलीकडे ब्लॉगला हात लावत नसत. उत्तर माझ्या घशाशी आलं होतं आणि मला ते नको होतं. ज्या घरात खातं बाईंचं, कॉम्प्युटर बाईंचा आणि वेळ बाईंना न आठवणारी, तिथे आता बाईच उरल्या होत्या.

४

त्या संध्याकाळी मी टायपिंगवालीला फोन लावला. एवढ्या विचित्र चुका कोणत्या कीबोर्डवर होतात, एवढंच विचारायचं होतं. मी दमले होते, आडवी पडून यादी वाचत होते.

"ज्ञानाचं द्न्यान केलंय," मी म्हणाले.

"ज्ञानाचं काय केलंय?"

"द्न्यान."

"अगं, तेच विचारतेय. काय केलंय?"

"पुढचं ऐक. सिंहाचं सिंव्ह. ऋतूचं रुतू. चूक होतं, तिथे त्सूक."

ती म्हणाली, "तू माझी थट्टा करतेयस का? दोन्ही वेळा एकच शब्द म्हणतेयस. यात चूक कुठाय?"

मी उठून बसले. कंबर ओरडली, तिला ओरडू दिलं.

चूक नव्हतीच. एकतीसच्या एकतीस शब्द डोळ्यांना चुकलेले आणि कानाला अचूक होते. टायपिंगवालीच्या चुका हाताच्या. मुलाच्या चुका यंत्राच्या. या तिसऱ्याच, कानाच्या. आपण लिहितो 'ज्ञान', तोंडाने म्हणतो 'द्न्यान'. लिहितो चहातलाच च, पण चूक म्हणताना जीभ दातांना लागते. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण ज्या यंत्राला फक्त लिहिलं तसंच वाचता येतं, त्याला हे कोण सांगणार?

मी फोनमधली मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय चालू केली आणि बाईंचा एक न बदललेला लेख लावला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, 'ग्यान'. 'सिन्ह' म्हणाली. 'चूक' म्हणताना तिने चहातला च लावला. तिला मराठी कोणी तरी घाईघाईत शिकवलं असावं. मग मी बदललेला लेख लावला. तिने स्वच्छ, घरच्यासारखं 'द्न्यान' म्हटलं.

कोणी लेख बिघडवत नव्हतं. कोणी तरी ते ऐकत होतं, आणि ऐकताना जे बोचलं ते दुरुस्त करत होतं. लेख वाचायचा सोडून ऐकायची वेळ कोणावर येते, याचा विचार करताना मला मंगळवारचा चहा आठवला, आणि माझा सगळा उत्साह गळून गेला.

५

माझ्याकडे पुरावा नव्हता, तर्क होता. शिवाय ते गुपित दुसऱ्याचं होतं. बाईंचा शनिवार मात्र उद्यावर आला होता. म्हणून शुक्रवारी चार वाजता मी बाईंबरोबर बागेत गेले.

आम्ही बाकावर बसलो. बाईंच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी माझ्या नव्या खात्यातून लेखांची यादी फोनवर उघडून ठेवली होती. दुसऱ्या कोणी एखादा लेख दुरुस्तीला उघडला, तर ब्लॉग त्या लेखाशेजारी तशी सूचना दाखवतो.

"रात्रभर विचार केला," बाई म्हणाल्या. "उद्या पुसायचंच. तू शोधलंस, कोणी सापडलं नाही. जाऊ दे आता. मीच आहे ती."

चार वाजून अकरा मिनिटांनी यादीतल्या एका जुन्या लेखाशेजारी ओळ उमटली. 'हा लेख सध्या बाई संपादित करत आहेत.'

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ओळ वाचली, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मी?"

"तुम्ही इथे माझ्या शेजारी बसला आहात, बाई. दोन्ही हात पर्सवर आहेत. मी साक्षीदार आहे."

"म्हणजे मी नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि छत्तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेली ती बाई पदर तोंडाला लावून बाकावर रडली. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नव्हता, कारण पुढचं मला ठाऊक होतं.

दहा मिनिटांनी ओळ गेली. मी लेख उघडला. काका आणि बाईंची पहिली भेट कशी झाली, त्याचा लेख होता तो. बाई तरुणपणी न बिघडलेलं घड्याळ घेऊन तीन वेळा त्यांच्या दुकानात गेल्या होत्या. मला वाटलं होतं, पुन्हा एखादा 'द्न्यान' असेल. नव्हता. बत्तिसावा बदल बाकीच्यांपेक्षा निराळा निघाला. 'त्या दिवशी मी निळा स्वेटर घातला होता' या वाक्यात निळा पुसून 'हिरवा' लिहिलं होतं.

बाईंनी ते वाचलं. डोळे कोरडे झाले.

"त्या दिवशी दुकानात दोनच माणसं होती," त्या म्हणाल्या. "चल घरी."

६

काका खिडकीजवळ बसले होते, कानात इयरफोन, फोन मांडीवर. दार वाजलं तशी त्यांनी मान वळवली, पण आमच्या जरा बाजूलाच बघितलं.

"आज लवकर आलीस."

"घड्याळ बघा की," बाई म्हणाल्या.

काकांनी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. मला नीट बोलता येणार नाही."

मग मी सांगितलं. हात थरथरतात म्हणून दुकान बंद केलं, तर भरलेला कप एक थेंब न सांडता टेबलावर कसा येतो. टेबलाची कड आधी बोटाने का शोधावी लागते. समोरच्याशी बोलताना त्याच्या कानाकडे का बघावं लागतं. घड्याळजींच्या घरातलं घड्याळ सात मिनिटं मागे पडतं आणि खुद्द घड्याळजींनाच दिसत नाही, ते का. "काका, तुमची नजर मधोमध गेली आहे. कडेकडेचं दिसतं, म्हणून घरात वावरता येतं. वाचता येत नाही. बाईंचे लेख फोन तुम्हाला वाचून दाखवतो."

काकांनी इयरफोन काढला. गुंडाळी करून खिशात ठेवला, सवयीने, व्यवस्थित.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही. हिला सांगितलं नाही. हिने बारा वर्षं आईचं केलं. आता कुठे जरा बसून लिहायला लागली होती."

"आणि माझे शब्द?" बाईंनी विचारलं.

"ती फोनमधली बाई 'ग्यान' म्हणते गं. तुझं लिहिलेलं वाचते आणि 'ग्यान' म्हणते. चाळीस वर्षं मी तुझा आवाज ऐकतोय. मला ते सहन होईना. एक शब्द बदलायला दहा-दहा मिनिटं लागतात, फोनकडून अक्षरं एकेक करून वदवून घ्यावी लागतात. पण बारीक कामाची सवय आहे मला. म्हटलं, एवढे जुने लेख माझ्याशिवाय कोण उघडतंय."

"मी उघडते," बाई म्हणाल्या. "मी उघडले, आणि मला वाटलं, माझंही आईसारखंच झालं. उद्या सगळं पुसणार होते मी."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी हात पुढे केला, नेमका कुठे ते त्यांना दिसत नव्हतं. बाईंनीच तो धरला. दोघांनी एकमेकांपासून एवढं सांभाळून लपवलं होतं, आणि त्या लपवण्यानेच दोघांना नागवलं होतं. मला दोघांचाही राग आला. मी आत जाऊन चहा टाकला.

स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"पण स्वेटर निळा होता," बाई म्हणत होत्या.

"हिरवा."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"आता नाही दिसत," काका म्हणाले. "तेव्हा दिसत होतं."

७

शनिवारी मी पुन्हा तीन जिने चढले. ब्लॉग पुसायचा नव्हता, पण काम दुप्पट निघालं. बाईंनी एकतीस शब्द स्वतःच्या हातांनी परत शुद्ध केले. प्रत्येक शब्दाला काकांना बोलणी बसली आणि काकांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. मी लेखांच्या डोक्यावर एक बटण बसवलं. ते दाबलं की बाईंचा आवाज तो लेख वाचणार. रंग बाईंनी तीन वेळा बदलून घेतला. सातपेक्षा बरं.

भिंतीवरचं घड्याळ मुलाने येऊन लावलं. खोलीचा विषय त्याने काढला नाही. काका सांगत होते, तो घड्याळाची चाकं पुसत होता.

पहिलं ध्वनिमुद्रण त्या पहिल्या भेटीच्या लेखाचंच झालं. बाईंनी चष्मा लावला आणि शाळेतल्या आवाजात वाचायला लागल्या. पडद्यावर बत्तिसावा शब्द अजून 'हिरवा'च होता. तो दुरुस्त करायचा त्यांनी का ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

"त्या दिवशी मी निळा स्वेटर घातला होता," बाईंनी वाचलं.

"हिरवा," खिडकीतून काका म्हणाले.

बाई थांबल्या नाहीत, पुढे वाचत गेल्या. लेख संपला. मी मुद्रण बंद केलं आणि विचारलं, "मधला काकांचा आवाज कापून टाकू का?"

बाईंनी चष्मा पुसला. "राहू दे," त्या म्हणाल्या.